दोन-तृतीयांशांचा नियम : डेमोक्रॅटिक पक्षाच्या नामनिर्देशन-अधिवेशनाच्या इतिहासातील एक प्रकरण (१८३२–१९३६)

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची रीत बऱ्याच तपशिलाने सांगितलेली आहे. परंतु त्या पदासाठी उमेदवार कोणी व कसा उभा करावयाचा, याविषयी तिच्यात एक अक्षरही नाही. घटनाकारांना राजकीय पक्षांविषयी आस्था नव्हती आणि जे होऊ नये असे त्यांना वाटत होते त्याच्यासाठी नियम घालून देण्याचे त्यांना कारण नव्हते. ही उणीव पुढे पक्षांनीच आपापल्या परीने भरून काढली. ती भरून काढताना त्यांनी जे नियम केले ते कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हते. तरीही राष्ट्राध्यक्षपदावर कोण बसणार आणि त्याहूनही कोण बसणार नाही, याचा निर्णय अनेकदा त्या नियमांनीच केला.

प्रस्तुत लेखात अशा एकाच नियमाचा विचार करावयाचा आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवारी मिळविण्यासाठी साधे बहुमत पुरेसे नसून एकूण मतांपैकी दोन-तृतीयांश मते मिळाली पाहिजेत, असा नियम १८३२ साली करण्यात आला आणि १९३६ साली तो रद्द झाला. या एकशेचार वर्षांत त्या नियमाने दोन वेळा बहुमत मिळविलेल्या उमेदवाराला परत पाठविले, एकदा पक्षाच्या फुटीत हातभार लावला आणि एकदा अधिवेशन सोळा दिवस लांबविण्यास मदत केली. अभ्यासकाला विचारात पाडणारी गोष्ट मात्र निराळीच आहे. प्रत्येक अधिवेशन आपले नियम स्वतः ठरवीत असे, आणि ते साध्या बहुमताने ठरवीत असे. म्हणजे ज्या बहुमताला हा नियम जाचत होता त्याच बहुमताच्या हाती तो मोडण्याचे सामर्थ्य होते. असे असता तो शतकाहून अधिक काळ टिकला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास पक्षांतर्गत सत्तेच्या स्वरूपावर बराच प्रकाश पडतो.

२

अधिवेशनांपूर्वी उमेदवार निवडण्याचे काम काँग्रेसमधील, म्हणजे तेथील राष्ट्रीय विधिमंडळातील, पक्षसदस्यांची बैठक करीत असे. या बैठकीस ‘कॉकस’ असे नाव होते. १८२४ साली या पद्धतीचे दिवाळे वाजले. त्या वर्षीच्या बैठकीला पक्षाच्या सदस्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांशच हजर राहिले. त्यांनी निवडलेले विल्यम क्रॉफर्ड हे निवडणुकीत मागे पडले. सर्वांत अधिक मते मिळविलेल्या अँड्र्यू जॅक्सन यांना निर्णायक बहुमत न मिळाल्यामुळे प्रतिनिधिगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना अध्यक्ष केले. मूठभर विधिमंडळ-सदस्यांनी राष्ट्राचा अध्यक्ष सुचवावा ही कल्पना त्यानंतर लोकांना रुचेनाशी झाली. जनतेतून निवडून आलेल्या प्रतिनिधींचे अधिवेशन हा त्यावरचा उपाय ठरला. सप्टेंबर १८३१ मध्ये बाल्टिमोर येथे फ्रीमेसन संघटनेच्या विरोधकांच्या पक्षाने असे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरविले. डिसेंबरात नॅशनल रिपब्लिकन पक्षाने त्याच शहरी त्याचे अनुकरण केले. आणि मे १८३२ मध्ये जॅक्सन यांचे अनुयायीही बाल्टिमोरलाच जमले.

या तिसऱ्या अधिवेशनापुढे अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा प्रश्नच नव्हता. जॅक्सन हे सर्वमान्य होते. उपाध्यक्ष कॅल्हून यांच्याशी त्यांचे बिनसले होते, आणि त्या जागी मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांना आणावयाचे एवढेच काम होते. अलाबामाचे विल्यम किंग यांच्या समितीने असे सुचविले की, प्रत्येक राज्यास त्याच्या निर्वाचक-मतांइतकी मते असावीत आणि निवडीसाठी एकंदर मतांच्या दोन-तृतीयांशांची अट असावी. दोन-तृतीयांश मतांनी झालेल्या निवडीचे वजन अधिक पडेल, असा त्यामागे विचार होता. व्हॅन ब्यूरेन यांना २८३ पैकी २०८ मते मिळाली व नियमाची कसोटी सहज उतरली. अर्थात् हा नियम जन्मला तो अल्पसंख्येच्या संरक्षणासाठी नव्हे. बहुमताची शोभा वाढविण्यासाठी तो करण्यात आला होता, आणि ज्या व्यक्तीच्या सोयीसाठी तो करण्यात आला तीच व्यक्ती बारा वर्षांनी त्याची पहिली बळी ठरली.

३

१८४४ चे अधिवेशन पुन्हा बाल्टिमोरलाच भरले. व्हॅन ब्यूरेन एकदा अध्यक्ष होऊन १८४० साली पराभूत झाले होते, आणि आता पुन्हा उमेदवारी मागत होते. बहुतेक राज्यांच्या पक्षसभांनी आपल्या प्रतिनिधींना त्यांनाच मत देण्याची आज्ञा दिली होती. तेवढ्यात टेक्सासचा प्रश्न उपस्थित झाला. टेक्सास संघराज्यात घेणे म्हणजे गुलामगिरीच्या प्रदेशात मोठी भर घालणे होय, हे सर्वांना दिसत होते. एप्रिलमध्ये व्हॅन ब्यूरेन यांनी तत्काळ विलीनीकरणास विरोध करणारे पत्र प्रसिद्ध केले आणि दक्षिणेकडील पुढारी त्यांच्यावर उलटले.

परंतु प्रतिनिधी आज्ञेने बांधलेले होते. तेव्हा मिसिसिपीचे सिनेटर रॉबर्ट वॉकर यांनी उमेदवारीचे मतदान सुरू होण्यापूर्वीच दोन-तृतीयांशांचा नियम पुन्हा स्वीकारावा असा ठराव मांडला. तो १४८ विरुद्ध ११८ मतांनी संमत झाला. त्यानंतरच्या पहिल्या मतफेरीत व्हॅन ब्यूरेन यांना १४६ मते पडली. एकूण २६६ मतांमध्ये हे निर्विवाद बहुमत होते. नियमाप्रमाणे मात्र १७८ मते हवी होती. सातव्या फेरीपर्यंत त्यांची मते ९९ वर आली व लुईस कॅस १२३ वर गेले. आठव्या फेरीत जेम्स पोक हे नवे नाव ४४ मतांनिशी पुढे आले, आणि नवव्या फेरीत त्यांचीच निवड झाली. पुढील वर्षी टेक्सास संघराज्यात दाखल झाले आणि १८४६ साली मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले.

वरील दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. व्हॅन ब्यूरेन यांना १४६ मते मिळाली. त्यांना अडविणाऱ्या नियमाविरुद्ध मात्र ११८ मतेच पडली. म्हणजे निदान २८ मते अशी होती की जी उमेदवार म्हणून व्हॅन ब्यूरेन यांना गेली आणि तत्पूर्वी काही तासच त्यांच्या पाडावाची व्यवस्था करून बसली. राज्याच्या पक्षसभेची आज्ञा उमेदवाराच्या नावापुरती होती. नियमांविषयी प्रतिनिधी मोकळा होता. आज्ञेचा भंग न करता आज्ञेचा हेतू विफल करण्याचे साधन त्याला या नियमात सापडले. आपण आरंभी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग येथेच मिळतो. उमेदवाराचे बहुमत आणि नियमांवरील बहुमत ही एकच गोष्ट नव्हे. पहिले उघड असते व त्याचा हिशेब घरी द्यावा लागतो. दुसरे तांत्रिक भासते आणि त्याचा जाब सहसा कोणी विचारीत नाही.

४

१८४४ नंतर दक्षिणेकडील पुढाऱ्यांनी या नियमाकडे आपले कवच म्हणून पाहण्यास आरंभ केला. त्यांना आपल्या मनातला उमेदवार त्याच्यायोगे निवडून आणता येत नसे, परंतु नको असलेला उमेदवार रोखता येत असे. दोन्ही बाजूंना फारसा न खुपणारा मनुष्य शोधण्याकडे अधिवेशनाचा कल होऊ लागला. १८५२ साली एकोणपन्नासाव्या फेरीत निवडले गेलेले फ्रँकलिन पिअर्स हे याचे उदाहरण होय. ते उत्तरेतील न्यू हॅम्पशरचे असूनही दक्षिणेला मान्य होते.

एप्रिल १८६० मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे या तडजोडीचा शेवट झाला. उत्तरेकडील प्रतिनिधींचा स्टीफन डग्लस यांना पाठिंबा होता. गुलामगिरीच्या प्रश्नावरील जाहीरनाम्याचे कलम आपल्या मनासारखे झाले नाही म्हणून अलाबामा व तिच्या सोबतची अनेक राज्ये सभागृह सोडून गेली. उरलेल्यांमध्ये डग्लस यांना दोन-तृतीयांश मते मिळणे अवघड नव्हते. परंतु अध्यक्ष केलेब कुशिंग यांनी असा निर्णय दिला की, दोन-तृतीयांशांची गणना उपस्थितांच्या संख्येवरून न करता मूळच्या ३०३ मतांवरून करावी, म्हणजे २०२ मते हवीत. हा निर्णय अधिवेशनानेही उचलून धरला. सत्तावन्न मतफेऱ्या झाल्या. डग्लस यांची मते १५२.५ वर जाऊन थांबली. निघून गेलेले लोक अशा रीतीने गैरहजर राहूनही मत देत होते. अधिवेशन जूनमध्ये बाल्टिमोरला पुन्हा भरले, तेथे दुसऱ्यांदा फूट पडली, आणि शेवटी उपस्थितांच्या दोन-तृतीयांशांवर समाधान मानून डग्लस यांची निवड जाहीर करण्यात आली. फुटीर गटाने जॉन ब्रेकिनरिज यांना उभे केले. नोव्हेंबरात अब्राहम लिंकन चाळीस टक्क्यांहून किंचित कमी लोकमतावर निवडून आले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. यादवी युद्धाचे खापर या नियमावर फोडणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. दक्षिणेकडील प्रतिनिधी उमेदवाराचे मतदान सुरू होण्यापूर्वीच उठून गेले होते. साध्या बहुमताचा नियम असता तर डग्लस चार्ल्स्टनलाच निवडले गेले असते, पण पक्ष एकसंध राहिला असता असे मुळीच नाही. नियमाने जे केले ते एवढेच की, ज्यांनी सभागृह सोडले होते त्यांचा नकाराधिकार सभागृहात शिल्लक ठेवला.

५

युद्धानंतर गुलामगिरी गेली, नियम राहिला. त्याच्या समर्थनार्थ आता एक वेगळा व विचारार्ह युक्तिवाद केला जात असे. डेमोक्रॅटिक अधिवेशनात ‘एकगठ्ठा मतदाना’ची पद्धत अनेक राज्यांनी स्वीकारली होती : राज्याच्या प्रतिनिधिमंडळात ज्या बाजूचे बहुमत असेल तिच्या पदरात राज्याची सर्व मते पडत. त्यामुळे काही मोठ्या राज्यांत निसटते बहुमत मिळविणारा उमेदवार कागदावर बहुमताचा धनी दिसे, परंतु प्रत्यक्षात प्रतिनिधींची अल्पसंख्याच त्याच्या पाठीशी असे. अशा कृत्रिम बहुमताला आळा घालण्यास दोन-तृतीयांशांची अट आवश्यक आहे, असे नियमाचे समर्थक म्हणत. एक नियम दुसऱ्या नियमाचे दोष झाकण्यासाठी ठेवला गेला, आणि त्यामुळे दोन्ही टिकले.

१९१२ साली बाल्टिमोर येथे १८४४ ची पुनरावृत्ती झाली. प्रतिनिधिगृहाचे सभापती, मिसूरीचे चँप क्लार्क यांच्याकडे दहाव्या फेरीत न्यू यॉर्कची नव्वद मते वळली आणि त्यांची बेरीज ५५६ झाली. १०९४ प्रतिनिधींच्या अधिवेशनात हे बहुमत होते. १८४४ पासून ज्याला ज्याला बहुमत मिळाले त्याला त्याला शेवटी उमेदवारीही मिळत आली होती. त्यामुळे क्लार्क यांचे काम झाले असेच पुष्कळांनी गृहीत धरले. पण वुड्रो विल्सन यांचे पाठीराखे व अलाबामाचे ऑस्कर अंडरवुड यांचे पाठीराखे हलले नाहीत. चौदाव्या फेरीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी न्यू यॉर्कच्या पक्षयंत्रणेवर टीका करून आपले मत क्लार्क यांच्याकडून विल्सन यांच्याकडे वळविले. आणि सेहेचाळिसाव्या फेरीत विल्सन निवडले गेले. रिपब्लिकन पक्षात त्या वर्षी फूट पडलेली असल्यामुळे ही उमेदवारी म्हणजे जवळजवळ अध्यक्षपदच होते. पहिल्या महायुद्धाच्या काळी अमेरिकेचे सुकाणू क्लार्क यांच्याऐवजी विल्सन यांच्या हाती असण्यामागे अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एक हा नियम होय.

१९२४ चे न्यू यॉर्कचे अधिवेशन या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणून सांगितले जाते. २४ जूनपासून ९ जुलैपर्यंत ते चालले आणि १०३ मतफेऱ्यांनंतर जॉन डेव्हिस यांची निवड झाली. एका बाजूला दक्षिण व पश्चिम भागांतील प्रॉटेस्टंट, मद्यबंदीवादी मतदारांचा आधार असलेले विल्यम मॅकाडू, तर दुसऱ्या बाजूला न्यू यॉर्कचे कॅथलिक राज्यपाल आल्फ्रेड स्मिथ. कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करावा की नाही, या प्रश्नावर सभागृह जवळजवळ बरोबर मधोमध दुभंगले. निषेधाचा प्रस्ताव एका मताहूनही कमी अंतराने फेटाळला गेला. रेडिओमुळे हा सर्व कलह देशभर ऐकू गेला. मात्र येथेही आकड्यांकडे नीट पाहिले पाहिजे. मॅकाडू यांची मते ५३० पर्यंत चढली. १०९८ मतांच्या अधिवेशनात ते साधे बहुमतही नव्हते. स्मिथ यांची मते ३६८ पर्यंत गेली, म्हणजे एक-तृतीयांशाहून दोनच मते अधिक. तेव्हा कोंडी नियमाने निर्माण केली नाही. परंतु एक-तृतीयांश हाताशी असल्यावर माघार घेण्याचे कारण उरत नाही, एवढे मात्र नियमामुळे झाले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या वेळी नकाराधिकार दक्षिणेने वापरला नव्हता. तो वापरला शहरांतील स्थलांतरितांच्या व कॅथलिकांच्या प्रतिनिधींनी, आणि तोही मुख्यतः दक्षिणेच्या उमेदवाराविरुद्ध. हत्यार कोणाचेच मिंधे नसते, हे दक्षिणेच्याही प्रत्ययास आले.

६

नियम मोडण्याचा गंभीर प्रयत्न १९३२ साली झाला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना शिकागोच्या अधिवेशनात स्पष्ट बहुमत मिळणार हे आधीच दिसत होते. दोन-तृतीयांशांविषयी मात्र खात्री नव्हती. अधिवेशनाच्या तोंडावर त्यांच्या पाठीराख्यांच्या बैठकीत, लुइझियानाचे ह्यूई लाँग यांच्या सूचनेवरून, नियम रद्द करण्याचा ठराव झाला. यावर मोठे काहूर उठले. डाव सुरू झाल्यावर डावाचे नियम बदलणे हे खिलाडूपणाला धरून नाही, असे विरोधकांनी म्हटलेच. पण रूझवेल्ट यांच्याच बाजूचे दक्षिणेकडील प्रतिनिधीही अस्वस्थ झाले. रूझवेल्ट यांनी तो प्रयत्न सोडून दिला. पहिल्या फेरीत त्यांना ११५४ पैकी ६६६ हून किंचित अधिक मते मिळाली. हवी होती ७७०. तीन फेऱ्या अशाच गेल्या. चौथ्या फेरीत कॅलिफोर्नियाची ४४ व टेक्सासची ४६ मते त्यांच्याकडे वळली, तेव्हा कोठे उमेदवारी मिळाली. टेक्सासचे जॉन गार्नर उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले, हा योगायोग नव्हता.

१९३२ चा प्रयत्न फसला आणि १९३६ चा सफल झाला, यातच आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा दुसरा भाग आहे. १९३६ साली फिलाडेल्फिया येथे रूझवेल्ट यांना कोणीच प्रतिस्पर्धी नव्हता. नियम ठेवल्याने किंवा काढल्याने त्या दिवशी कोणाचा लाभ वा हानी होणार नव्हती. ज्याला नियम बदलण्याची गरज असते त्याच्या हेतूविषयी शंका घेतली जाते. ज्याला गरज उरलेली नसते तोच तो बदलू शकतो. नियम-समितीचे अध्यक्षपद मिसूरीचे सिनेटर बेनेट चँप क्लार्क यांच्याकडे होते. १९१२ साली बहुमत मिळवूनही ज्यांना परत जावे लागले त्या चँप क्लार्क यांचे हे चिरंजीव. पित्याला ज्या नियमाने अध्यक्षपदापासून दूर ठेवले तो नियम रद्द करण्याची शिफारस पुत्राने सभागृहापुढे ठेवली आणि ती आवाजी मतदानाने संमत झाली.

दक्षिणेने हे होऊ कसे दिले? एक तर तिचे पूर्वीचे बळ राहिले नव्हते. पूर्वीच्या संघविरोधी अकरा राज्यांची मिळून १९३२ च्या अधिवेशनात एक-पंचमांशाहून थोडी अधिक मते होती. सीमेवरील राज्यांची साथ मिळाल्यासच त्यांना एक-तृतीयांश गाठता येई. शिवाय त्या वेळी रूझवेल्ट दक्षिणेतही लोकप्रिय होते. राज्यांच्या मतसंख्येत तेथील पक्षाचे बळ लक्षात घेणारी नवी वाटणी केली जाईल असेही आश्वासन देण्यात आले, आणि दक्षिणेत पक्षाचे बळ सर्वांहून अधिक होते. तरीही काय घडत आहे याची जाणीव काहींना होती. त्याच अधिवेशनात एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने प्रार्थना म्हणताच दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर एलिसन स्मिथ सभागृहातून उठून गेले. उत्तरेकडील शहरांतले कृष्णवर्णीय मतदार त्या वर्षी मोठ्या संख्येने डेमोक्रॅटिक पक्षाकडे येत होते. नकाराधिकार गेला आणि नवे मतदार आले, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या.

त्यांचा परिणाम बारा वर्षांनी दिसला. जुलै १९४८ मध्ये, पुन्हा फिलाडेल्फियाला, नागरी हक्कांविषयीचे सडेतोड कलम ६५१.५ विरुद्ध ५८२.५ मतांनी जाहीरनाम्यात घालण्यात आले. मिसिसिपीचे सर्व व अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी बाहेर पडले. स्ट्रॉम थरमंड यांची स्वतंत्र उमेदवारी उभी राहिली व तिला ३९ निर्वाचक-मते मिळाली. तरीही हॅरी ट्रूमन निवडून आले. जाहीरनाम्याच्या कलमांना दोन-तृतीयांशांची अट पूर्वीही नव्हती, आणि ट्रूमन यांना दोन-तृतीयांशांहून अधिक मते मिळाली होती, हे खरे. परंतु जुना नियम असता तर असे कलम पुढे आणणाऱ्यांना आपल्या उमेदवाराच्या भवितव्याचा आधी विचार करावा लागला असता. नकाराधिकाराचे खरे बळ तो वापरण्यात नसते. तो वापरला जाईल या धास्तीने जे प्रस्ताव मांडलेच जात नाहीत, त्यांच्यात ते असते. इतिहासकाराची अडचण अशी की, न मांडलेल्या प्रस्तावांची नोंद कोणत्याही कार्यवृत्तात सापडत नाही.

७

त्यानंतर अधिवेशनाचे स्वरूपच पालटले. एकाहून अधिक मतफेऱ्या घ्याव्या लागलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे शेवटचे अधिवेशन १९५२ चे होय. १९६८ साली शिकागो येथे एकगठ्ठा मतदानाची पद्धतही गेली, आणि १९७२ पासून राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांतच उमेदवार ठरू लागला. २०२४ साली जोसेफ बायडन यांनी जुलैमध्ये माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांचे नामनिर्देशन ऑगस्टच्या आरंभी दूरस्थ मतदानाने पूर्ण झाले. शिकागोचे अधिवेशन त्यानंतर भरले. निवड व्हावी म्हणून जमणारी सभा आता झालेल्या निवडीचा समारंभ करण्यास जमते.

असे असले तरी दोन-तृतीयांशांच्या नियमाचा इतिहास केवळ गतकाळाची गोष्ट म्हणून बाजूस सारता येत नाही. बहुमताला जाचणारा नियम बहुमतानेच शंभर वर्षे सांभाळला, याचे कारण दुबळेपणा किंवा अज्ञान नव्हे. उमेदवारापुरते एकत्र आलेले लोक नियमाच्या बाबतीत एकत्र नव्हते. प्रत्येक गटाला आपण उद्या अल्पसंख्येत असू ही भीती होती. आणि नियम बदलण्याची निकड ज्या क्षणी सर्वांत अधिक असे त्याच क्षणी तो बदलणे सर्वांत अप्रतिष्ठेचे ठरत असे. पक्षांचा इतिहास लिहिताना आपण सहसा नेत्यांची भाषणे व जाहीरनामे यांच्याकडे वळतो. नियम-समितीचे रूक्ष अहवाल आणि मतफेऱ्यांचे कोष्टक यांच्याकडेही तितक्याच आस्थेने पाहिले पाहिजे. १४६ आणि ११८ या दोन आकड्यांमधील अंतर कोणत्याही भाषणात सापडत नाही. टेक्सासचे भवितव्य मात्र त्याच अंतरात ठरले होते.